कोणाचा धूर जास्त

गावातून चार जणांना जळगावला न्यायला सरकारी गाडी आली, त्या सकाळी भिकुबाईने अंगण दोनदा झाडलं. एकदा कचऱ्यासाठी, आणि एकदा जेठानी गाडीत कशी बसते ते बघण्यासाठी.

जेठानी म्हणजे मोठी जाऊ, केवळबाई. वय एकसष्ट, अंगाने काटक, चाल अशी की पायाखाली अंडी ठेवली तरी फुटायची नाहीत. त्या दिवशी तिने डाळिंबी रंगाचं कोरं पातळ नेसलं होतं. हातातल्या पिशवीत आधारकार्ड होतं आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. गाडीवाल्याने खाली उतरून तिच्यासाठी दार उघडलं. गल्लीतल्या बाया ओट्यांवर उभ्या होत्या.

"अक्का, सासरले चालनी का वं?" एकीने विचारलं.

"हां, जळगावना सासरा बलाई राहिना," केवळबाई म्हणाली, आणि सगळी गल्ली हसली.

भिकुबाई हसली नाही. तिने खराटा भिंतीला टेकवला आणि आत दाढी करत बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आजारनी बी वरात निंघस आते."

"आजार नही वं, तपासणी शे," हिलाल म्हणाला.

"मालूम शे माले!"

मालूम होतंच. फुफ्फुसाचा कॅन्सर कळेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून यंदा सरकारने माणूस धडधाकट असतानाच बघायचं ठरवलं होतं. पन्नाशी ओलांडलेली, वर्षानुवर्षं बिडी ओढणारी किंवा चुलीपुढे जन्म काढलेली माणसं आशाताईंनी घरोघर फिरून शोधायची, त्यांची यादी वर पाठवायची, आणि यादीतल्यांना जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन बोगद्यासारख्या यंत्रात फुकट फोटो काढायचा. धरणगाव तालुक्यातल्या या गावातून पहिल्या खेपेला चार नावं निघाली. तीन पुरुष, तिघेही बिडीवाले. चौथी केवळबाई.

भिकुबाईचं नाव नव्हतं, आणि का नव्हतं ते तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

अडतीस वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा केवळबाई आधीच आलेली होती. तिचा पहिला गुन्हा हाच. पुढे गुन्हे वाढत गेले. वाटणी झाली तेव्हा ओट्यावरचं रुंद दार केवळबाईला मिळालं आणि अरुंद भिकुबाईला. सासूने मरताना नाव घेतलं तेही केवळबाईचं. ती तोंडात पाणी घालत होती म्हणून घेतलं, असं हिलाल समजावायचा. पण पाणी घालायला तिलाच कोणी बसवलं, असं ती उलट विचारायची. केवळबाईचा नवरा अभिमन जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा भिकुबाई मनापासून रडली होती, आणि रडता रडता एवढंही तिच्या लक्षात आलं होतं की भेटायला आलेल्या माणसांपैकी एकही ओट्याच्या आपल्या बाजूला टेकलं नाही.

या सगळ्यात एकच गोष्ट भिकुबाईने जिंकली होती. गॅस. आठ वर्षांपूर्वी दोघींनी अर्ज केला. केवळबाईच्या रेशनकार्डावर कमलबाई लिहिलेलं निघालं, अर्ज परत आला. भिकुबाईच्या घरी लाल सिलेंडर आणि चकचकीत शेगडी आली. तिने शेगडीला हळदकुंकू लावलं, गल्लीत पेढे वाटले, आणि केवळबाईला एकाऐवजी दोन पेढे दिले.

आता या शेगडीचं खरं सांगायचं तर तिच्यावर पाहुण्यांचा चहा व्हायचा. एक सिलेंडर वर्षभर पुरायचं. बाकी सगळा स्वयंपाक परसातल्या चुलीवर. शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पराट्या घरच्याच, गोवऱ्या घरच्याच, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी गॅसवर फुगत नाही असं तिचं म्हणणं होतं. शिवाय मांडे. पुरणाचे मांडे करण्यात भिकुबाईचा हात चार गावांत कोणी धरत नव्हतं. अक्षय्य तृतीयेची आखाजी आली, धोंड्याचा महिना आला, कोणाचा जावई दारात आला की बोलावणं यायचंच. उपडं खापर पेटत्या चुलीवर तापायचं, आणि ती दोन्ही हातांवर पोळी झुलवत, कोपरापर्यंत पसरवत खापरावर टाकायची. बघणाऱ्यांचे डोळे धुराने मिटायचे. तिचे उघडे असायचे, कारण मांडा डोळ्याने भाजायचा असतो.

तर दोन महिन्यांपूर्वी दिपमाला फॉर्म भरायला आली. दिपमाला गावची आशाताई, बारावी शिकलेली सून, बोलायला गोड पण लिहायला पक्की. दोन्ही दारांपुढे ओटा एकच. केवळबाई शेंगा फोडत होती, भिकुबाई तूर निवडत होती. दिपमालाने आधी केवळबाईला विचारलं. तेही भिकुबाईच्या लक्षात राहिलं.

"काकू, स्वयंपाक कशावर करता?"

"चुल्हावर वं माय. दुसरं काय शे मनाजोडे?"

"किती वर्षं?"

"लगीन व्हयनं तवपासून. त्रेचाळीस धर."

दिपमाला मोबाइलवर लिहू लागली. तिने तोंडाने 'अरेरे' केलं असेल-नसेल, पण भिकुबाईला ते ऐकू आलं. हा फॉर्म कशाचा ते दिपमालाने दोनदा सांगितलं होतं. भिकुबाईला त्यातलं एवढंच कळलं की कोणाकडे काय नाही ते सरकार लिहून घेतंय.

"आमनाकडे बठ्ठं गॅसवर शे," विचारायच्या आधीच ती म्हणाली. "आठ वरीस व्हयनात, चुल्हाले हात नही लावेल मी."

दिपमालाने मान वर केली. भिकुबाईच्या परसातून धुराची जाड रेघ कौलांवरून वर चढत होती. चुलीवर डाळ रटरटत होती, तिचा वासही येत होता.

"काकू, मग हा धूर?"

"आंघोळनं पाणी तापाडी राहिनू."

"नीट सांगा हो. यादी यावरूनच होणार आहे."

"नीटच सांगी राहिनू. लिख."

केवळबाईच्या हातातली शेंग फुटायची थांबली. तिने तोंड उघडलं. भिकुबाईने तिच्याकडे बघितलं, आणि केवळबाईने तोंड मिटून पुढची शेंग उचलली. दिपमालाने लिहिलं: गॅस.

अशी ती यादीतून राहिली. कोणी काढलं नाही, कोणी खोडलं नाही.

गाडी जळगावहून परतल्यावर पंधरा दिवसांनी केवळबाईला परत बोलावणं आलं. फोटोत उजव्या बाजूला हरभऱ्याच्या दाण्याएवढी गाठ दिसली होती. मग सुई घालून तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आहे कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. मुंबईला नेऊन तेवढा भाग कापून काढला की बाई पुढची वीस वर्षं शेंगा फोडेल.

त्या दिवशी भिकुबाईने चूल पेटवली नाही. पदर तोंडात धरून ती परसात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही घरच्या भाकरी थापल्या. तिसऱ्या दिवशी मात्र माणसं यायला लागली.

सुरतहून नवीन आला, केवळबाईचा मुलगा, महिन्याची रजा टाकून. तो आईचे पाय दाबत बसायचा. भिकुबाईचा कुंदन चाळीसगावला दुकानात कामाला, त्याचा रविवारी फोन यायचा आणि 'ठेवतो' म्हणून लगेच बंदही व्हायचा. जामनेरहून केवळबाईची बहीण आली. मोसंबी आली, शहाळी आली, केळ्यांचा घड आला. जो तो म्हणायचा, "अक्का, नशीबवान शेस. वेळवर सापडनं." आणि या सगळ्यांना चहा कोण देणार? भिकुबाई. तिच्या गॅसवर.

कप गोळा करताना तिच्या मनात जे यायचं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. आजारातही हिचाच नंबर पहिला. माझ्या छातीत हरभरा नसेल, वाटाणा असेल, पण बघायला आलंय कोण?

आणि छातीत काहीतरी होतं. दिवाळीपासून खोकला होता. आधी सकाळी यायचा, मग केव्हाही. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरायला लागल्या होत्या, पोलक्याच्या बाह्या तिने दोनदा आत घेतल्या. पाहुण्यांपुढे खोकला आला की ती परसात जायची. केवळबाईसारखं आपणही खोकतो असं कोणी म्हणू नये म्हणून. गंमत अशी की केवळबाई खोकतच नव्हती.

एका दुपारी दिपमाला पुन्हा आली आणि थेट भिकुबाईच्या परसात शिरली. चूल पेटलेली होती. दिपमालाने चुलीकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"काकू, दुसरी यादी करायची आहे. गुरुवारी शाळेत डॉक्टर मॅडम येणार. तुमचा खोकला मी ऐकते आहे. पण तुमच्या नावापुढे गॅस लिहिलाय. मॅडमसमोर खरं काय ते सांगा, मी लगेच बदलते."

"समोर? बठ्ठास्ना समोर?"

"मग काय कानात सांगणार?"

"अक्का राही तिथं?"

"केवळकाकूंना तर मॅडमनी मुद्दाम बोलावलंय. त्या चार शब्द सांगणार आहेत, लोकांची भीती जावी म्हणून."

"मंग माले काही नही व्हयेल," भिकुबाई म्हणाली आणि फुंकणीने चुलीत अशी फुंकर घातली की दिपमाला खोकत बाहेर गेली.

हिलालने ऐकलं होतं. जेवताना तो म्हणाला, "जाय ना वं. काय जास तुनं?"

"मनं काय जास ते तुले नही समजाव."

 भाकरीचा तुकडा हातातच ठेवून तो हळूच म्हणाला, "तू गयी तर मी कोणासंगे भांडू?" भिकुबाई ताट घेऊन उठली. तिला भीती वाटायला लागली होती, आणि भीतीपेक्षा केवळबाईसमोर उभं राहून 'माझा गॅस नावालाच' असं म्हणणं मोठं वाटत होतं. आठ वर्षांची एकमेव जीत ती स्वतःच्या तोंडाने कशी परत करणार?

गुरुवारी ती जाणार नव्हती. पण शाळा दोन गल्ल्या सोडून, आणि कर्णा शाळेच्या छपरावर. केवळबाईचा आवाज सगळ्या गावावर पसरला. "घाबरू नका मायबहिनीस्वन. काही दुखत नही. नुसतं पडी राहणं..." भिकुबाईने कणीक मळता मळता दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा हात धुतले. शेजारणीचं पातेलं परत करायचं म्हणून ते काखेत मारलं आणि निघाली. शेजारीण शाळेत असणार हे तिला माहीत होतं.

शाळेच्या पटांगणात साठसत्तर माणसं. टेबलामागे तरुण डॉक्टरीणबाई, शेजारी दिपमाला मोबाइल घेऊन, आणि मधोमध खुर्चीवर केवळबाई. अंगावर शाल, मांडीवर नारळ, हातात माईक. भिकुबाई मागे, गुलमोहराच्या सावलीत थांबली. घशाशी खोकला आला होता, तो तिने दाबून धरला.

डॉक्टरीणबाईंनी माईक घेतला. "या आजींनी त्रेचाळीस वर्षं चुलीचा धूर सोसला. या गावात इतका धूर क्वचितच दुसऱ्या कोणी घेतला असेल. तरी बघा, वेळेवर तपासल्यामुळे..."

"कोण म्हणस?"

सगळ्या माना मागे वळल्या. आपण बोललो हे भिकुबाईला माना वळल्यावर कळलं. पण तोंडातून गेलेलं गेलं, आणि त्याच्यामागे अडतीस वर्षांचं सगळं बाहेर आलं.

"हिने धूर खादा? हिने? चार भाकरी थापस अन् उठी जास ती! मी खापरपुढे बठेल शे, तीस वरीस! जवाई कोणना बी राहो, मांडा मना! उठा, सांगा, या गावमा कोणता जवाई शे ज्याने मना हातना मांडा नही खादा? तुमना पुरण गोड लागे तवय मना डोळास्मा पाणी राहे! मना धूर जास्त शे! तिनापेक्षा दुप्पट शे!"

पटांगणात हसण्याचा फुगा फुटला. पहिल्या खेपेला जळगावला जाऊन आलेला म्हातारा तोताराम पुढच्या रांगेतून म्हणाला, "पण भिकुबाई, तुनाकडे तर गॅस शे ना वं? चुल्हाले हात नही लावस तू!"

हसू आणखी वाढलं. काखेतलं पातेलं घट्ट धरून ती उभी राहिली. मागे फिरायला वाट मोकळी होती. तिने केवळबाईकडे बघितलं. केवळबाई हसत नव्हती. नारळावर दोन्ही हात ठेवून ती टक लावून बघत होती.

तेवढ्यात दाबलेला खोकला सुटला. एक, दोन, दहा. पातेलं खाली पडून खणखणत गेलं. भिकुबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकली, आणि हसणारी माणसं एकेक करून थांबली. तो खोकला ऐकून कोणालाही हसू आलं नसतं.

ती सरळ झाली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "गॅस पाहुणास्ना चहाले शे," ती म्हणाली. "बठ्ठं चुल्हावर करस मी. लिख दिपमाला. अन् तीस नको लिखू. अडतीस लिख."

"खोकला कधीपासून, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिवाळीपाईन."

"आणि आज सांगता?"

"कोणी इचारं नही," भिकुबाई म्हणाली. हे खोटं होतं. दिपमालाचा अंगठा मोबाइलवर चालत होता.

पुढच्या सोमवारी दुसरी गाडी आली. भिकुबाईने हिरवं पातळ नेसलं होतं, पण गल्लीत एकही बाई ओट्यावर आली नाही. नवलाई सरली होती. गाडीत सातजण होते आणि तिला मधली जागा मिळाली. यंत्रात पडल्यावर श्वास रोखायला सांगितला, तेव्हा खोकला येईल म्हणून ती इतकी घाबरली की देवाचं नाव घ्यायचं सोडून, 'अक्का, आते खोकला नको येऊ दे' असं मनात म्हणाली. अक्काचं नाव कसं आलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

आठ दिवसांनी दिपमाला कागद घेऊन आली. गाठ नाही, डाग नाही. धुराने छाती कमजोर झाली आहे, तोंडातून ओढायचं औषध लागेल, वर्षभराने पुन्हा फोटो. आणि चूल बंद. हिलालने कागद उलटा धरून दोनदा वाचला आणि देवापुढे ठेवला. भिकुबाईने तो तिथून उचलला आणि तशीच केवळबाईच्या दारात गेली. आपण का जातोय याचा विचार तिने केला नव्हता. जिंकलेलं दाखवायला आपण नेहमी तिथेच जातो, तशीच गेली.

केवळबाई पिशवीत कपडे भरत होती. परवा मुंबईला निघायचं होतं, गुरुवारी ऑपरेशन.

"काय निंघनं?"

"काहीच नही," भिकुबाई म्हणाली. "साफ शे."

केवळबाईने हातातलं पातळ खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. ती नजर भिकुबाईला अनोळखी नव्हती. अडतीस वर्षं रोज सकाळी केस विंचरताना तिने ती आरशात बघितली होती. अशी नजर एकदा तरी या बाईच्या डोळ्यांत दिसावी म्हणून तिने काय काय केलं होतं. आता दिसली, तर कागद धरलेला हात तिला कुठे ठेवावा कळेना.

"तुनं नशीब मोठं शे भिकू," केवळबाई म्हणाली. "पहिलेपासूनच."

"मनं? मनं नशीब?"

"नही तर कोणनं? जवाई कोणना बी येवो, बलावणं तुले. पहिले बैलगाडी ये, मंग फटफटी, आते रिक्षा. मी भिंतना अल्याड. माले कधी कोणी म्हणनं का, अक्का तू बी चाल? एक सालले मी तुले म्हणनू व्हती, माले मांडा शिकाड. तू म्हणनी, आखाजी जाऊ दे. वीस आखाजी गयात." तिने पातळाची घडी हाताने दाबली. "मनासाठे कोणी गाडी धाडी ती जळगावनीच पहिली."

भिकुबाईच्या मनात या बाईबद्दल जे काही साठवून ठेवलेलं होतं, त्यात ही गोष्ट कुठेच नव्हती. ती उंबऱ्यावरच बसली.

"अक्का, एक सांग. दिपमाला फारम भरी राहिंती तवय तू तोंड उघाडं अन् बंद करं. बोलनी कावर नही?"

केवळबाईने खाली ठेवलेलं पातळ पिशवीत टाकलं.

"म्हणनू, एकडाव तरी यादीमा मनं नाव राहू दे. तुनं नको." मग ती भराभर म्हणाली, "तू खोके ते भिंतमाईन ऐकू ये माले. रोज ऐकू ये. दोनदा उठनू सांगाले. नही सांगं."

"मी मरी जाती तर?"

"तर मी रडती."

"खरं?"

"खरं रडती," केवळबाई म्हणाली, आणि दोघींनाही एकदम हसू आलं. भिकुबाईला हसण्याचा खोकला झाला, आणि केवळबाई उठून तिची पाठ चोळायला लागली. खोकला थांबला तरी चोळणारा हात थांबला नाही. परवाची भीती त्या हातात होती. ती कोणाला दिसू नये म्हणून तर ही बाई महिनाभर सगळ्या पाहुण्यांना हसवत होती.

"तुनासंगे कोण चालनं?" भिकुबाईने विचारलं.

"नवीन शे."

"बायास्ना वार्डमा त्याले कोण राहू देई? मी येस."

"तू? अन् हिलालभाऊना जेवणनं?"

"गॅस शे घरमा. करी खाई."

केवळबाईने पिशवीतलं एक पातळ काढून बाजूला ठेवलं आणि भिकुबाईच्या कपड्यांसाठी जागा केली. चेन ओढता ओढता ती थांबली.

"ये," ती म्हणाली. "पण तिथं कोणी इचारं तर पेशंट मी शे. ध्यानमा ठेव."